बारा ते तीन

१

१९९४ च्या मे महिन्यात आमचा दिवस असा असायचा. सकाळची पॅसेंजर धरून जळगावहून रावेर. स्टेशनवरून पायी भाईदास नानांची केळीची वखार. दहापासून तारा जोडणं, साडेअकराला डबे उघडणं आणि बारा ते तीन रेकॉर्डिंग.

बारा ते तीनच का, असं लोक विचारायचे. कारण साधं होतं. सकाळी वखारीत ट्रक भरले जायचे. चारनंतर मळ्यांतून केळीचे ट्रॅक्टर यायचे. मधले तीन तास मात्र उन्हानं सगळ्यांना आडवं पाडलेलं असायचं. हमाल कडुनिंबाखाली डोक्यावर टॉवेल घेऊन झोपायचे, रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही. त्या शांततेत आम्ही तिघं मिळून रावेर तालुक्यातला सगळ्यात मोठा आवाज करायचो.

तिघं म्हणजे मी, मुख्तार आणि पितांबर.

मी देवचंद. जळगावच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीमुळे मोकळा होतो. माझे वडील भीमगीतांच्या पार्टीत बुलबुलतरंग वाजवायचे. त्यांच्यामुळे बोटांना तारांची सवय होती, म्हणून मी बेस गिटार धरली. मुख्तारचं बसस्टँडमागे रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. एकदा प्रयोगशाळेचा ॲम्प्लिफायर घेऊन मी त्याच्याकडे गेलो. तो दुरुस्त होईपर्यंत त्यानं मला वीस वर्षांपूर्वीची एक विलायती रेकॉर्ड ऐकवली. भरलेला ट्रॅक्टर चढावर चढतोय असा तो आवाज होता. जाड, संथ आणि गरम. ॲम्प्लिफायर दोन तासांत दुरुस्त झाला. मी मात्र त्या दुकानातून पुढची पाच वर्षं उठलोच नाही.

पितांबर एरंडोलचा. लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवायचा. एका वरातीत मुख्तारनं त्याला पाहिलं आणि नवरदेवाला सोडून त्याच्यामागे चालत राहिला. नंतर मला म्हणाला, "देवा, इंजिनिअरिंग होस्टेलची पोरं ज्या नव्या कॅसेटी आणतात ना, त्यातले ड्रमवाले नुसते पळतात. हा चालतो. मला चालणारा पाहिजे."

होस्टेलच्या नव्या कॅसेटींचा दणका आणि जुन्या रेकॉर्डींचा जाडपणा, दोन्ही एकत्र आणणारा एक अख्खा अल्बम करायचा, हे मुख्तारचं स्वप्न होतं. आठ गाणी, सगळी आपल्या भाषेत. नाव ठरलं होतं 'बारा ते तीन'. आणि घाई होती. त्याला कुवेतच्या कंपनीतून बोलावणं आलं होतं, बारा जूनला निघायचं होतं. एकदा गेला की तो परत कधी गिटार धरेल, हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

२

ती खोली नानांनी आम्हाला दिली, कारण केळी पिकवायला त्यांनी शेजारी नवी खोली बांधली होती. जुनी रिकामीच होती. भिंती दीड हात जाड, खिडकी एकही नाही, आणि भुसा भरलेलं जाड लाकडी दार. वर्षानुवर्षं आत धूर कोंडून केळी पिकवलेली. भिंतींना हात लावला की हाताला गोडसर वास यायचा. बाहेर अंगाची लाही होत असताना आत बरं वाटायचं. दार लावलं की बाहेरचं काही आत येत नसे. आतलं थोडं बाहेर जात असे.

"मले तर वाटलं टॅक्टरचं इंजन बसलं," नाना पहिल्या दिवशी म्हणाले. मग ताकाचा तांब्या ठेवून उंबऱ्यात बसले आणि अख्खं गाणं ऐकलं. "चालू द्या. केळी तर घाबरत नाहीत."

मुख्तारनं एका बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणला होता. तापला की त्याचे दिवे नारिंगी व्हायचे आणि गिटारचा आवाज कढईतल्या तेलासारखा उकळायला लागायचा. रेकॉर्डिंगला एक जुना स्पूलचा टेपरेकॉर्डर होता. त्याला दोन माइक आणि आवाजाची पातळी दाखवणारे दोन काटे. एक माइक दाराजवळ, जिथं मी आणि मुख्तार आमचे बॉक्स घेऊन बसायचो. दुसरा समोरच्या भिंतीशी, पितांबरच्या ड्रमसमोर. डावा काटा दाराचा, उजवा ड्रमचा. पितांबर दोन खोक्यांवर टाकलेल्या फळीवर बसायचा.

मुख्तारचा एकच कडक नियम होता. गाणं संपलं की दहा आकडे मोजेपर्यंत कुणी हलायचं नाही. शेवटचा सूर टेपवर पूर्ण विरू द्यायचा. पितांबर तेव्हा दोन्ही हातांनी झांजा धरून ठेवायचा, त्या वाजू नयेत म्हणून. मी तारांवर तळवा ठेवायचो. मुख्तार बोटं उघडत मनात मोजायचा.

३

पहिलं गाणं झालं. दार उघडलं, घाम पुसला, टेप मागे घेतली आणि ऐकायला बसलो.

स्वतःचा आवाज पहिल्यांदा असा ऐकताना माणूस हसतो. आम्हीही हसत होतो. पितांबरच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो ते घामात खपवत होता. गाणं संपलं. शेवटचा सूर विरत गेला. मुख्तारनं सवयीनं बोटं उघडायला सुरुवात केली, एक, दोन, तीन...

चारला एक ठोका आला.

मऊ, खोल. कुणी जाड गादीवर मूठ मारावी तसा.

"पित्या, पाय हलला तुझा," मुख्तार म्हणाला.

"मी पाय उचली लेयेल व्हतात," पितांबर म्हणाला. गाणं संपलं की तो पॅडलवरून पाय उचलून घ्यायचा, हे खरं होतं. मी समोरून पाहत होतो.

मी त्यांना समजावून सांगितलं. टेप रिळावर गुंडाळलेली असते. एका वेढ्यावरचा मोठा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो. जुन्या टेपांत हे हमखास होतं. दोघांनी मान डोलावली. मी प्रयोगशाळेतला माणूस, म्हणून अशा बाबतीत माझं ऐकलं जायचं.

पण घरी जाताना गाडीत माझ्या लक्षात आलं की ठोक्याला हललेला काटा डावा होता. दाराकडचा.

४

दुसऱ्या गाण्यानंतर दोन ठोके आले. तिसरं गाणं मुख्तारच्या मनासारखं होईना म्हणून आम्ही ते दोनदा रेकॉर्ड केलं. दोन्ही वेळा तीन.

वाजवताना खोलीत काहीच ऐकू येत नसे. दहा आकड्यांची ती शांतता आमच्या कानांना अगदी कोरी असायची. टेप मागे घेतली की ठोके त्यात असायचे, सारख्या अंतरावर.

चौथ्या गाण्यानंतर मी आवाज ऐकणं सोडून दिलं आणि फक्त काटे पाहिले. पहिल्या ठोक्याला डावा काटा चांगला वर गेला, उजवा जेमतेम हलला. दुसऱ्याला डावा थोडा कमी. तिसऱ्याला आणखी कमी. चौथ्याला दोन्ही सारखे.

मी टेप बंद केली.

"काय झालं?" मुख्तारनं विचारलं.

"काही नाही. मोटर घसरतेय बहुतेक."

त्या दोघांशी मी पाच वर्षांत बोललेलं हे पहिलं खोटं. मला मोटरबद्दल काहीही शंका नव्हती. दारापासून काहीतरी निघत होतं आणि दर गाण्याला एक पाऊल पुढे येत होतं.

५

तरीही मी तपासलं. सवय जात नाही.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला, ते दोघं जेवत असताना, मी रिकाम्या खोलीत टेप चालू ठेवली, दार लावलं आणि बाहेर उभा राहिलो. नंतर ऐकलं. फक्त टेपची सळसळ. मग एकट्या पितांबरला वाजवायला लावलं. काही नाही. मग आम्ही मुद्दाम वाकडंतिकडं, सूर सोडून वाजवलं. काही नाही. त्याच रिळावर, त्याच माइकवर पाचवं गाणं नीट वाजवलं. पाच ठोके आले.

म्हणजे त्याला गाणं लागत होतं. तेही चांगलं झालेलं.

मी दारापासून पितांबरच्या फळीपर्यंत चालून पाहिलं. आठ पावलं भरली. मुद्दाम लांब टांगा टाकून, मग आखूड टाकून पुन्हा पाहिलं. साध्या माणसाच्या साध्या चालीनं आठच भरत होती.

आमची गाणी आठ होती.

"काय मोजी राह्यना?" पितांबर माझ्यामागे दारात उभा होता. हातात ताकाचा पेला.

मी त्याला सगळं सांगितलं. लपवणं शक्य नव्हतं. तोच तर त्या टोकाला बसत होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, पेला खाली ठेवला आणि स्वतः दारापासून फळीपर्यंत चालून गेला. मग ओठ हलवत फळीवर बसून राहिला.

"माले वाटनं व्हतं मास्तर शेतस," तो म्हणाला.

मोतीलाल मास्तर म्हणजे एरंडोलचे त्याचे गुरू. त्यांनीच त्याला सातव्या वर्षी ढोल गळ्यात अडकवला होता. तीन वर्षांपूर्वी ते वारले, तेव्हा पितांबरनं महिनाभर काठी हातात धरली नव्हती.

"मग?"

"मास्तर लंगडेत. एक पाय ओढेत. हाई तर सरळ चाली राह्यनं." त्यानं फळीवरून दाराकडे पाहिलं. "मास्तर नहीत."

"मग कोण आहे?"

"माले काय माहीत. पन ठेका चुकस नही त्याना. तू ऐकं का? आपलं गाणं ज्या लयमा संपस, त्याच लयमा चालस तो."

मी ते ऐकलं नव्हतं. मी फक्त काटे पाहिले होते. संध्याकाळी गाडीत मुख्तारलाही सगळं सांगितलं, मग मनातल्या मनात पाचही गाणी वाजवून पाहिली. त्याचं बरोबर होतं. संथ गाण्यानंतरची पावलं संथ होती, जलद गाण्यानंतरची जलद.

६

सहावं गाणं सगळ्यात चांगलं झालं. मुख्तारच्या गळ्यातून असा आवाज मी आधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. टेप मागे घेऊन ऐकताना सहा पावलं आली तेव्हा तो उठला. सिगारेट पेटवायला बाहेर गेला. त्याच्या तिसऱ्या काडीला सिगारेट पेटली.

सातव्या गाण्यानंतर सात पावलं. आणि सातव्या पावलानंतर, ड्रमच्या माइकवर अगदी जवळून, एक श्वास. लांबून चालत आलेल्या माणसाचा असतो तसा. नाकातून आत, तोंडातून बाहेर. पुन्हा आत.

पितांबर दारातून बाहेर पाहत होता. त्याचा श्वास मी ओळखत होतो, हा त्याचा नव्हता. पाच वर्षं आम्ही एकाच चटईवर झोपलो होतो.

आम्ही तिघं कडुनिंबाखाली जाऊन बसलो. झोपलेल्या हमालांपासून जरा लांब, सावलीच्या कडेला. दहाव्या दिवशी मुख्तार कुवेतला जाणार होता.

"सात गाणी पुष्कळ झाली," मी म्हणालो. "आठवं राहू दे."

मुख्तारनं मातीत काडीनं रेघा ओढल्या. "आठवंच तर गाणं आहे, देवा. बाकीची सात त्याच्यापर्यंत जायला केली."

"आणि पितांबरला काही झालं तर?"

"म्हणून मी गप्प आहे ना. मी काहीच म्हणत नाही. तो म्हणेल ते."

मी पितांबरला म्हणालो, "तुझे ड्रम दाराजवळ आणू. आम्ही तिकडे जातो."

तो हसला. "तो दारपाईन निघस. मी दारशी बसनू ते पहिल्याच पावलाले गाठी."

"मग मी तुझ्याशेजारी बसतो."

"तू तुनी जागावर बस. माले समोर कोनी दिसाले पाहिजे." मग त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "देवा, सात गाणा झाल्यात. त्यानी कोनले धक्का लावा का? ऐकस आनि येस. इतला दूरपाईन येस बिचारा. आते एक पाऊल ऱ्हायनं त्यानं, आनि आपन दार लायी लेवानं?"

त्याच्या आवाजात भीती नव्हती असं मी म्हणणार नाही. गुडघ्यावरचा हात गार होता, त्या उन्हात. पण त्यानं तो काढला नाही.

७

तीन जूनला, शुक्रवारी, दुपारी एकच्या सुमाराला आम्ही आठवं गाणं रेकॉर्ड केलं.

मी डोक्याला हेडफोन लावून वाजवत होतो. टेपमध्ये जे जातंय ते त्याच क्षणी ऐकायचं ठरवलं होतं. दार लावलं होतं. माथ्यावर एक बल्ब. मुख्तार नेहमीसारखा ॲम्प्लिफायरकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ. मी पितांबरच्या समोर, आठ पावलांवर.

गाणं नऊ मिनिटांचं होतं. शेवटी शेवटी ते इतकं संथ व्हायचं की दोन ठोक्यांच्या मध्ये माणूस आपला हात खाली ठेवून परत उचलू शकेल. पितांबर डोळे मिटून वाजवत होता. शेवटचा ठोका पडला. त्यानं झांजा धरल्या, पाय उचलले आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

हेडफोनमध्ये पहिलं पाऊल माझ्या पाठीशी पडलं.

दुसरं माझ्या बाजूला. मी तारांवर तळवा दाबून धरला होता, तरी सगळ्यात जाड तार तळव्याखाली थरथरली. मी मान वळवली नाही. वळवायला हवी होती असं पुढे कित्येकदा वाटलं. त्या वेळी फक्त एवढंच वाटलं की मी वळलो तर पितांबर एकटा पडेल. म्हणून मी त्याच्याकडेच बघत राहिलो.

तिसरं. चौथं. खोलीत काहीही नव्हतं. बल्बच्या उजेडात सिमेंटची रिकामी जमीन, त्यावर आमच्या तारा. पाचवं. एका तारेचा वेढा होता, सहावं त्याच्या पलीकडे पडलं. तार ओलांडून.

सातवं.

मग तो श्वास. दमलेला.

पितांबरनं माझ्यावरची नजर काढली आणि शेजारी, थोडं वर पाहिलं. जसं उभ्या माणसाच्या तोंडाकडे आपण बसल्या जागेवरून बघतो. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी अजूनही नीट सांगू शकत नाही. ओळख नव्हती. भीती होती, आणि भीतीबरोबरच दुसरं काहीतरी होतं. टेम्पोमध्ये गर्दी असते, कुणी म्हातारा चढतो, आणि आपण काही न बोलता सरकतो, तसं काहीतरी.

तो सरकला.

झांजा धरलेल्याच ठेवून तो फळीवर एका टोकाला सरकला, खोक्याच्याही पलीकडे, अगदी शेवटपर्यंत.

ती फळी नुसती टाकलेली होती, खिळा नव्हता. खोकी मधोमध, दोन्ही टोकं बाहेर मोकळी. एका टोकाला कुणी बसलं की दुसरं टोक वर उचललं जाणार आणि बसणारा खाली पडणार. यात मत असायला जागा नाही. हा तराजूचा नियम आहे, मी दरवर्षी पोरांना तो करून दाखवतो.

फळी उलटली नाही. दुसरं टोक केसभरही वर आलं नाही. उलट एकदा बारीक करकरली आणि समतोल राहिली.

हेडफोनमध्ये आठवं पाऊल आलंच नाही. बसल्यावर सुटतो तसा एक सुस्कारा आला.

मुख्तारची दहा बोटं उघडून झाली होती. टेप बंद करायला तो वळणार, तेवढ्यात पितांबरनं काठ्या उचलल्या आणि वाजवायला लागला. मुख्तार पाठमोराच थबकला. त्यानं गिटारला हात लावला नाही, मी बेसला लावला नाही. तो ठेका मी कधी ऐकला नव्हता. वरातीचा नव्हता, आमच्या गाण्यांतलाही नव्हता. पितांबर वाजवायचा, थांबायचा, मान एका बाजूला कलती करून ऐकायचा आणि पुन्हा वाजवायचा. खोलीत मला त्याच्या एकट्याच्या काठ्या ऐकू येत होत्या.

मी हेडफोन काढले. एकाच वेळी दोन्ही ऐकणं माझ्याच्यानं झालं नाही.

चार मिनिटांनी टेप संपून रीळ फटफट करत फिरायला लागलं. मुख्तारनं वळून पाहिलं तेव्हा पितांबर फळीच्या मधोमध बसला होता आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत होता.

८

कॅसेटी काढायला आम्ही धुळ्याला खाजाभाईंकडे गेलो. आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचं कॉपी करायचं दुकान होतं. कव्वाल्या, अहिराणी गाणी, लग्नांचे कार्यक्रम, सगळं ते काढून द्यायचे. आमचं संगीत त्यांना आवडेल असं वाटत नव्हतं. त्यांनी कानाला एक हेडफोन धरून आठही गाणी ऐकली, तोंडातलं पान तसंच ठेवून.

शेवटची चार मिनिटं ऐकताना ते उठून उभे राहिले.

"ये किसने बजाया?"

"यानं," मुख्तारनं पितांबरकडे बोट केलं.

"ये तो एक हुआ. दूसरा?" खाजाभाईंनी टेप मागे घेऊन पुन्हा ऐकली. "दोघं आहेत ना. एक जवान हात, एक बुढा हात. बुढा जरा मागे चालतो. पण क्या हात है." त्यांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं. मग पान थुंकून आले आणि पुढे काही विचारलं नाही. "ठेवायचं का काढायचं?"

मुख्तारनं माझ्याकडे पाहिलं. मी पितांबरकडे.

"ऱ्हाऊ द्या," पितांबर म्हणाला. "त्याले नाव देवू नका, पन ऱ्हाऊ द्या."

तसं ते राहिलं. बी बाजूच्या शेवटी, नाव नसलेलं.

बारा जूनला आम्ही मुख्तारला मुंबईच्या गाडीत बसवलं. गिटार त्यानं माझ्याकडे ठेवली. होस्टेलच्या पोरांनी कॅसेट एकमेकांना काढून दिली, त्यांच्याकडून ती पुण्यापर्यंत गेली असं ऐकलं. नानांनी त्यांची प्रत ट्रॅक्टरच्या टेपमध्ये लावली होती. मला म्हणाले, "आठवं गानं मले आवडते. पन त्याच्यानंतरचं लागलं की मी बंद करून टाकतो. काहून ते नको विचारू."

कुवेतहून मुख्तारची पत्रं यायची. प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ असायची, 'पित्याला एकटं सोडू नकोस.' पत्र वाचून झालं की मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसायचो.

९

पण मी त्याला सोडलंच. मला ते कबूल केलं पाहिजे. जून संपला, कॉलेज सुरू झालं. एरंडोल तासाभराचं अंतर, तरी मी गेलो नाही. कामं असायची. खरं तर त्याच्या घरी जाऊन त्याच्यासमोर बसायचं, आणि बसताना आधी बाजूची जागा बघायची, याची मला धास्ती होती.

पुढच्या फेब्रुवारीत मावसभावाच्या लग्नाला धुळ्याला गेलो. दुपारचं लग्न. मांडवाकडे चाललो असताना चौकात दुसऱ्याच कुणाची तरी वरात आडवी आली आणि तो ढोल मी शंभर हातांवरून ओळखला.

ऊन चांगलं होतं. बँडवाल्यांच्या दोन रांगा, लाल कोट, मागे घोड्यावर नवरदेव. पितांबर डाव्या रांगेत पुढे होता. थोडा वाळला होता. तब्येत मात्र ठीक दिसत होती. तो वाजवत होता आणि बायका घराच्या ओट्यांवरून थांबून ऐकत होत्या, कारण तसं कुणी वाजवतच नव्हतं.

त्याच्या उजव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी होती.

मी आधी विशेष मानलं नाही. मग वरात गल्लीत वळली. गल्ली अरुंद, त्यात दोन्हीकडे सायकली लावलेल्या. रांगा दाटल्या, माणसं एकमेकांना घासून चालायला लागली. झांजवाला भिंतीला टेकत टेकत पुढे गेला. ती जागा तेवढीच राहिली. मागच्या ढोलवाल्यानं तिच्यात पाय टाकला नाही. समोरून एक बाई पाण्याची कळशी घेऊन आली, तीही तिला वळसा घालून गेली. मागे वळून पाहायचंही तिला सुचलं नाही. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं.

पितांबरनं मला पाहिलं. तोंडभर हसला. वाजवता वाजवता मानेनं बोलावलं.

मी गर्दीतून पुढे घुसलो. सगळ्यात सोपी वाट त्या मोकळ्या जागेतूनच होती आणि आठ महिन्यांनी भेटत होतो, माझे पाय आपोआप तिकडे वळले. त्यानं एक काठी काखेत धरली, मोकळ्या हातानं माझा दंड पकडला आणि हळूच दुसऱ्या बाजूला ओढलं.

"तथाईन नको, देवा. अथाईन ये."

मी त्याच्या डाव्या हाताला आलो. त्यानं काठी काढली, ठेका कुठंही तुटला नव्हता. मधल्या वेळात तो कुणी सांभाळला हे मी विचारलं नाही.

थोडं अंतर तसेच चाललो. त्याच्या घामाचा तोच वास होता. मला रडू येईल असं वाटायला लागलं, म्हणून मी बोललो.

"पित्या, भीती नाही वाटत तुला?"

"वाटस ना," तो म्हणाला. दोन ठोके गेले. त्यानं उजवीकडे, थोडं वर, एकदा नजर टाकली. "त्यालेबी वाटत व्हई."

पुढे उतार होता. मावसभावाचा मुहूर्त टळून गेला तरी मी गल्लीच्या शेवटपर्यंत त्याच्या डाव्या बाजूनं चालत राहिलो.